वहीतली रांग

होनोराता क्वास्ना यांना माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि नेमकी माणसंच त्यांच्या वाट्याला आली होती. टंचाईच्या त्या काळात, वूच शहरातल्या सरकारी दुकानासमोर, सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला, रांगेची हजेरी त्याच घेत. कपडे धुण्याची यंत्रं ‘याच आठवड्यात’ येणार होती. तो आठवडा एप्रिलच्या दोन तारखेला सुरू झाला होता. आज एकोणीस होती.

त्यांना कुणी निवडलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या चौथ्या आल्या, पुढचे तिघे आपसांत भांडत होते आणि होनोराताबाईंच्या पिशवीत एक शाळकरी वही होती, एवढंच. नियम एकच: हजेरीला नसलात तर नाव कापलं जाणार. आजवर बारा नावं कापली होती, रडणाऱ्यांचीसुद्धा.

“बाई, ट्रामच आली नाही हो! चारच मिनिटं झाली,” निवृत्त गणित शिक्षक लुडविकराव गेल्या आठवड्यात काकुळतीला आले होते.

“मग मी काय विमानानं आले? चार मिनिटांनी लग्न चुकत नाही, लुडविकराव. रांग चुकते.”

सातव्या क्रमांकावरून ते शेवटी गेले. तेव्हापासून रोज वेळेआधी येत, पण बाईंकडे पाहत नसत.

होनोराताबाई दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात राबत. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या चादरी न्हाणीच्या टबात वाट बघत असत. बोटांची पेरं सुजून अक्रोडासारखी झाली होती. ‘असंच चाललं तर पुढच्या हिवाळ्यात मूठ मिटणार नाही,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यंत्र हवं होतं ते एवढ्यासाठी.

त्या सकाळी सासूबाई पलंगावरून घसरल्या. त्यांना उचलून, पुसून, कोरडं करून बाई धावत पोचल्या तेव्हा सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. वही त्यांच्याच पिशवीत, सगळे खोळंबलेले. आणि दुकानाच्या व्यवस्थापिका सेलिनाबाई टंकलिखित कागद घेऊन दारात उभ्या. त्यावर गोल शिक्का.

“यंत्रं आलीत. सात. विक्री या यादीप्रमाणे.”

यादीतलं एकही नाव रांगेत नव्हतं. सगळी पक्षाच्या समितीतली मंडळी.

“आणि आम्ही सतरा दिवस काय इथे हवा खायला उभे होतो?” कुणीतरी ओरडलं. “आमची वही आहे!”

“वही? कुठल्या कार्यालयाची? शिक्का दाखवा.”

“शिक्क्यावर तुमचा तरी विश्वास आहे का, बाई?”

लोक हसले. सेलिनाबाईही हसल्या. “विश्वास! तुमच्या होनोराताबाईच आज उशिरा आल्या. कापलं त्यांचं नाव?”

मग मागून एक समजूतदार आवाज आला, “त्यांचं वेगळं आहे.”

होनोराताबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. चाळीस वर्षं त्या हेच ऐकत आल्या होत्या. कुणाचं तरी नेहमीच वेगळं असायचं; त्याला मागच्या दारानं मांस मिळायचं, आधी घर मिळायचं. त्यांनी पेन्सिल काढली, चौथ्या नावावर सरळ रेघ ओढली आणि वही लुडविकरावांच्या हातात कोंबली.

“वाचा. मोठ्यानं. वर्गात वाचायचात तसं.”

लुडविकरावांनी घसा साफ केला. एकेक नाव, एकेक ‘हजर’. वाचून झाल्यावरही दारातून कुणी हललं नाही. सेलिनाबाई एकदा कागदाकडे बघत, एकदा माणसांकडे. फोन करायला आत गेल्या, बाहेर आल्या. “दोन मला वर द्यावीच लागतील,” त्या शेवटी हळूच म्हणाल्या. “पाच तुमची.”

पाचवं यंत्र ज्या मुलीला मिळालं, ती होनोराताबाईंच्या गळ्यात पडायला आली. “हे तुमचं होतं, बाई. मी कशी—”

“यंत्र धरा आधी! चौकटीवर आपटतंय.”

गर्दी पांगल्यावर लुडविकरावांनी शेवटच्या ओळीत ‘क्वास्ना’ लिहिलं. सदतिसावा क्रमांक. पुढची यंत्रं कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“घरी आजारी माणूस आहे तुमच्या,” ते त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत म्हणाले. “पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर मी—”

“एक मिनिटसुद्धा नाही, मास्तर,” होनोराताबाई खेकसल्या. “सूट दिलीत, तर वही काढून घेईन.”