पाणी मोजणाऱ्याची छाती

लखदर वाळवंटातल्या तिमिमून गावच्या बागांचं पाणी मोजायचा. वाळूखालून लांब चालत आलेला फोगारा, म्हणजे जमिनीखालचा पाट, बागांपाशी उजेडात येतो. तिथे दगडी फणी बसवलेली असते आणि तिच्या फटींतून ज्याचा त्याचा हिस्सा वाटला जातो. या कामाला जुनी अट होती: दरसाल गाळ काढताना फोगाऱ्यावरच्या विहिरीत सगळ्यांआधी मोजणाराच उतरून माप घेणार. जो उतरणार नाही, त्याने मापाची, भोकं पाडलेली तांब्याची पाटी दुसऱ्याच्या हाती द्यायची. बावीस वर्षं लखदर पहिला उतरला होता.

हिवाळ्यापासून मात्र चढण चढताना छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटं थांबलं की जायचं. "खजूर बाधला," म्हणत तो जिऱ्याचं पाणी प्यायचा. थांबल्यावर जातं ते दुखणं कसलं? शेवटी त्याची बायको मसूदा त्याला अद्रारच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हृदय रक्ताने भरलेलं असतं, पण आतलं रक्त त्याच्या भिंतींना पुरत नाही. बाहेरून येणाऱ्या दोन बारीक नळ्या त्याला पोसतात. त्याही मुख्यतः ते सैल पडतं तेव्हा. आवळलं की भिंतींतल्या वाटा चेपतात."

"दारातून पाट वाहतो आणि घरात कोरड!" लखदर म्हणाला.

"तसंच. कष्ट वाढले की पुढच्या बारीक वाटा रुंद होतात, जास्त रक्त येतं. तुमची नळी वरच चोंदलीय. म्हणून पुढच्या वाटा बसल्या जागीच रुंद होऊन बसल्यात. विहीर चढताना आणखी किती उघडणार?"

फणीची फट आधीच पूर्ण मोकळी असताना जास्त पाणी मागणाऱ्याला लखदरने हेच उत्तर कितीदा दिलं होतं.

"नळी उघडेपर्यंत उतरायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

"गाळ शुक्रवारी आहे, बाई."

"मग शुक्रवारी काठावर बसून चहा प्या," मसूदा म्हणाली. "वरून सांगायला तोंड आहे ना अजून?"

शुक्रवारी सगळे विहिरीभोवती जमले. लखदर काठावरच बसलेला पाहून शेजारच्या बागेतला बुजुमा हसला. "काय लखदरभाऊ, पाणी गार लागतंय वाटतं?"

लखदरने पाटी त्याच्या हातात ठेवली आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "या वर्षी माझाच गाळ काढायचाय."

बुजुमाचं हसू मावळलं. त्याने कमरेला दोर बांधला आणि उतरला. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "भाऊ, माप लागत नाही! पाणी हलतंय!"

लखदर काठावर वाकला. "आधी तू हलायचा थांब. पाणी निवळलं की मग बघ."

खाली शांत झालं. लखदरही काठावर सैल टेकून वाट पाहत राहिला.