कडेकडेनं

कोणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच. आर्किटेक्चर शिकतो, पण घरच्या मोरीतलं पाणी का तुंबतं ते अजून मला सांगता येत नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गावी, जूचंद्रला, शेजारच्या काकांच्या दारात पाय ठेवला की आवाज यायचाच, "मदी नको! कडेकडेनं ये."

दिवाळीत त्यांच्या पुढच्या खोलीभर रांगोळीनं काढलेला कुणाचा तरी चेहरा असायचा. बघायला सारं गाव यायचं. तेवढे दिवस कपाट ओटीवर, काकी स्वयंपाकघरात आणि काका दारात, पाहुण्यांच्या पावलांवर डोळा ठेवून. कोणी नुसतं "छान" म्हटलं की विचारायचे, "छान कुठं? नाकात का डोल्यांत?"

घर पाडून इमारत झाली. काकांच्या वाट्याला हॉल आणि किचन आलं. मुलगा-सून त्यातच. आता रांगोळी कुठं घालायची, या धास्तीनं काकांचं जेवण कमी झालं. त्यांनी मला बोलावलं.

"ए आर्किटेक, वर्षभर पोराला खोली पायजे, दिवालीला मला पटांगन. कर."

मी कागदावर मिटणारा पलंग काढला, घडीचं टेबल काढलं, हॉलच्या मधोमध सरकती भिंत काढली. वर मथळा दिला, 'मानवकेंद्री लवचीक अवकाश'.

काकांनी तो मोठ्यानं वाचला. "यात झोपतात कुठं?"

मग नकाशावर बोट ठेवलं. भिंत सरकायची लोखंडी पट्टी मी जमिनीतून नेली होती. "ही चित्राच्या तोंडावरनं जाते. तिथं काय मिशी काढू?"

मी घाम पुसत नकाशात भिंत छताला टांगली, सुतारानं तशीच बसवली. त्या दिवाळीला ती सरकवली आणि जमीन सलग मोकळी झाली. काका येईल त्याला सांगत होते, "भिंत आमच्या आर्किटेकनं टांगली!" ते ऐकत, वर माझ्याच भिंतीकडे बघत मी आत शिरलो. काकांनी दंडाला धरून मागं ओढलं.

"मदी नको!"

यंदा कॉलेजच्या कामामुळे दिवाळीला घरी जाता आलं नाही. आईला फोन करून विचारलं, "काकांनी काय काढलंय?"

ती म्हणाली, "काका दसऱ्याच्या आधीच गेले रं. तुझी परीक्षा होती, म्हनून सांगितलं नाय."

ती पुढं सांगू लागली, "यंदा सण नाय, रांगोली नाय. पन काकीनं तुझी भिंत सरकवली, खोली रिकामी केली. लोक आलेले."

"बघायला काय होतं?"

"काय नाय. नुसती लादी. तरी सगले कडेकडेनंच गेले."