माझ्या डोळ्याला बसणारी दुर्बीण

परवा आम्ही दोघं चक्क रायफलची दुर्बीण घ्यायला सोलापूरच्या बाजारात गेलो होतो. साठीला टेकलेलं जोडपं... दुकानातल्या माणसाला आधी वाटलं, आम्ही कुणाचा तरी पत्ता विचारायला आलोय.

त्याचं झालं असं. दिवाळीत कुंभारीला दिरांच्या शेतावर सगळे जमलो होतो. दिरांनी कधीतरी हौसेनं घेतलेली एअर रायफल माळ्यावरून खाली काढली, मातीच्या बांधाला टेकवून पुठ्ठा लावला आणि एकेक जण नेम धरायला लागला.

कॉलेजात मी एनसीसीची कॅडेट होते. पॉइंट टू टू रायफलवर माझा नेम चांगला होता, मोठ्या कॅम्पला निवडही झाली होती. मग लग्न, शाळेतली नोकरी, दोन मुली... रायफल हातात घ्यायचा प्रश्नच आला नाही. त्या दिवशी घेतली, तर खांदा, कोपर, श्वास सगळं आपोआप जागेवर आलं. माझं मलाच नवल वाटलं.

डोळा मात्र साथ देईना. नळीच्या टोकाची, नेम धरायची टिप बघावी तर पुठ्ठा धूसर, पुठ्ठा बघावा तर टिप गायब. चष्मा वर केला, खाली केला, काढून बघितला... एकही छर्रा पुठ्ठ्याला लागला नाही. जाऊबाई हसल्या, मीही हसले. रायफल खाली ठेवली आणि भाकरी करायला आत गेले.

परत येताना स्कूटरवर ह्यांनी विचारलं, गप्प का म्हणून. मी म्हटलं, काही नाही, वय झालं. आठवडाभरात ह्यांनी ओळखीपाळखीतून एका शूटिंग कोचचा नंबर मिळवून आणला आणि फोन लावून माझ्या हातात दिला.

कोच भला माणूस. या वयात डोळ्याला जवळचं आणि लांबचं एकदम स्पष्ट दिसत नाही, दुर्बिणीत मात्र आतली नेम धरायची फुली आणि निशाण एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात, असं त्यांनी सांगितलं. स्प्रिंगची रायफल मागे आणि पुढे असे दोन्हीकडे झटके देते, त्यात साधी स्वस्त दुर्बीण लवकरच आतून खिळखिळी होते. तेव्हा एअर रायफलसाठीच बनवलेली घ्या, आणि जवळच्या अंतरावर फोकस होते का तेवढं बघा, म्हणाले.

पेन्शनीत बसेल एवढं बजेट ठरवलं आणि निघालो.

दुकानातला माणूस अदबीनं बोलत होता, पण प्रत्येक दुर्बीण ह्यांच्याच हातात देत होता. मोठ्या काचेची, चोवीस पट दाखवणारी एक तर त्यानं फारच कौतुकानं काढली. एवढ्या किमतीत एवढी पॉवर दुसरीकडं मिळणार नाही, असं बरंच काही सांगत होता. ह्यांनी ती घेतली आणि तशीच माझ्यापुढे ठेवली.

"मला नका दाखवू," हे शांतपणे म्हणाले. "नेम हिला धरायचाय."

त्या माणसानं काउंटरपलीकडून स्टूल माझ्यासाठी सरकवलं... आणि त्यानंतर सगळं मलाच विचारायला लागला.

कोपर टेकवून समोरच्या भांड्याच्या दुकानाची पाटी बघितली. मोठ्या दुर्बिणीत एकेक अक्षर भलं मोठं, पण सारखं थरथरत होतं. मान जरा हलली की सगळं काळं. मग चारच पट दाखवणारी, पुढे फोकसची रिंग असलेली एक छोटी दुर्बीण मागितली. पाटी लहान दिसली, पण जागेवर राहिली. चष्म्यासकट पूर्ण गोल दिसला.

ह्यांनी कानाशी येऊन सांगितलं, बजेटचं मनावर घेऊ नकोस, मोठी हवी तर मोठी घे. पण मला खरंच ती छोटीच आवडली होती. उरलेल्या पैशात रायफलवर ती घट्ट बसवायचे चांगले क्लॅम्प घेतले.

रविवारी कुंभारीला गेलो. दिरांनी दुर्बीण बसवून दिली, मी सतरंजीवर पालथी झाले. पहिले छर्रे सगळे खाली, डावीकडे... डोळ्याचं नुसतं निमित्त असलं, आणि नेमच गेला असला तर?

मी रायफल खाली ठेवायची, हे चालत जाऊन कुठं लागलंय ते बघून यायचे, मग मी दुर्बिणीचा नॉब थोडा फिरवायची. असं बराच वेळ चाललं. हळूहळू भोकं मधल्या ठिपक्याकडे सरकली. शेवटी रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ जवळ पडली.

हे पुठ्ठा घेऊन आले आणि माझ्यासमोर धरला. मला एकदम भरून आलं. त्यानंतर थोडा वेळ दुर्बिणीतूनही काही दिसेना, ते मात्र पाण्यामुळं.

जाऊबाई मघापासून दारात उभ्या होत्या. जवळ आल्या, पदर खोचला.

"अक्का, मला बी एकदा बघू द्या की."

त्यांना शेजारी झोपवलं, श्वास कसा धरायचा ते दाखवलं. पहिला छर्रा बांधात गेला, दुसरा पुठ्ठ्याच्या कडेला लागला. मग त्या काही उठायला तयार होईनात... आत दोघं भाऊ चटणीचा डबा शोधत होते, तो आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता.

आपलं काही गेलं असं आपण किती पटकन ठरवून टाकतो. माझ्या शेजारच्या माणसानं तसं ठरवलं नाही. त्यांना तोंडावर थँक्यू म्हणायला मला अजून जमलेलं नाही... पण हे माझ्या पोस्ट वाचतात.