रुसायचा कोपरा

आमच्या मॅडमइतकं वाईट हरणारं माणूस अख्ख्या चेन्नईत दुसरं सापडणार नाही. हे मी रागाने म्हणत नाही आणि अंदाजानेही म्हणत नाही. दोन वर्षं वही-पेन घेऊन शेजारी बसून मी त्यांना हरताना पाहिलं आहे. त्या सापशिडीत हरतात, पत्त्यांत हरतात, सहा वर्षांच्या मुलीबरोबर सागरगोट्यांत हरतात, आणि एकदा तर एकट्याच पत्ते लावत बसल्या असतानाही हरल्या आणि दोन दिवस पत्त्यांशी अबोला धरून होत्या. हरल्यावर 'असू दे, चालायचंच' वगैरे मोठ्या माणसांची वाक्यं त्यांच्या तोंडून येत नाहीत. त्या फाशांना दोष देतात, पंख्याला दोष देतात, दारात उभ्या असलेल्या माणसाला दोष देतात, आणि मग उठून खिडकीजवळच्या कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून बसतात. वय बासष्ट, केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि पाठ अशी ताठ की जवळ जायची कोणाची हिंमत होऊ नये.

एखादी बासष्ट वर्षांची बाई हरल्यावर रुसत असेल तर जगाचं काही बिघडत नाही. पण मॅडमचा तो पेशा आहे. तिरुवल्लिकेणीतल्या एका जुन्या घराच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली आहे आणि खाली जिन्यापाशी 'प्ले थेरपिस्ट' अशी इंग्रजी पाटी आहे. गल्लीतले लोक त्यांना 'खेळाच्या डॉक्टर' म्हणतात. ज्या मुलांना घराबाहेर शब्द फुटत नाही, जी अंधाराला भितात, जी रागावली की चावतात, अशा मुलांना त्यांचे आईबाप हात धरून तीन मजले चढवून आणतात, आणि मॅडम त्या मुलांशी खेळतात. बास. विचारपूस नाही, उपदेश नाही. "लेकराला प्रश्न विचारूं नये," त्या सांगतात. "खेळावं. खेळलं की अस्कं बाहेर येतं." 'अस्कं' म्हणजे सगळं, हे कळायला मला आठवडा लागला. कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेल्या घराण्यातली त्यांची मराठी, तमिळच्या चालीवर हेलकावे खाणारी. माझी मराठी आईबाबांबरोबर नाशिकहून आलेली, घरातल्या घरात बोललेली, बाकी सगळं शिक्षण इंग्रजीत. त्यांची मराठी माझ्या मराठीची खापरपणजी लागते. भेटल्या की दोघी एकमेकींना कौतुकाने न्याहाळतात आणि मग आम्ही मुकाट्याने तमिळमध्ये बोलू लागतो.

मानसशास्त्रात एम. ए. करून मी त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रं अनोळखी घरच्या लग्नपत्रिकेसारखी उघडली आणि मिटली.

"दायम येतं का गे तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पत्ते?"

"नियम माहीत आहेत."

"रडीचं खेळतेस?"

"मी खेळतच नाही, मॅडम."

"मग करतेस काय?"

"बघते," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही, आणि ते खरंही होतं. शाळेत असल्यापासून मी स्कोअर लिहिणारी मुलगी. मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलं की कोणी आपल्याला हरताना बघत नाही.

मॅडमनी प्रमाणपत्रं मला परत दिली. "बरं," त्या म्हणाल्या. "बघणारं एक माणूस लागतंच." दुसऱ्या दिवसापासून मी पेरुंगुडीच्या घरून बसने जाऊ लागले.

दायम हा त्यांचा लाडका खेळ. जमिनीवर खडूने घरं आखायची आणि पितळेचे दोन लांबट फासे तळहातांत घोळवून टाकायचे. एक पडला की तो 'दायम', आणि तो पडल्याखेरीज सोंगटी घराबाहेर पडत नाही. मॅडमना दायम पडायला सरासरी अर्धा तास लागे. मग त्या माझ्याकडे वळत. "तूं दारात उभी राहूं नको गे, माझं दायम अडतंय." मी दारातून हलून कपाटाजवळ जाई. मग कपाटाजवळही अडे. सोंगटी एकदाची बाहेर पडली की त्यांची दुसरी विद्या सुरू होई. घरं मोजताना त्या मधलं एखादं घर विसरत. हात लांब करून पदर सावरत, आणि पदर उचलला जाई तेव्हा सोंगटी दोन घरं पुढे गेलेली असे. अगदीच मरण समोर दिसलं तर पायाच्या अंगठ्याने खडूची रेघ पुसून टाकत. ज्या घरात सोंगटी मरायची ते घरच पटावर नसे. मुलं संतापाने किंचाळत. एका गप्प मुलीने तर महिनाभराने पहिला शब्द उच्चारला तो 'पुसलं!' हा होता.

ही सगळी एक पद्धत असणार असं मला वाटायचं. एकदा धीर करून मी विचारलं, "मॅडम, तुम्ही हे मुद्दाम करता ना? मुलांनी बोलावं म्हणून?" त्यांना इतका अपमान वाटला की त्यांनी दुपारची कॉफी नाकारली. "मी? मी कधी रडीचं खेळले?" ह्या प्रश्नाचा उलगडा मला आजवर झालेला नाही. एवढंच सांगते, की मुद्दाम हरण्याचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा होता. एकदा त्या फोनवर होत्या म्हणून एका चिमुकलीबरोबर मला पट मांडावा लागला, आणि मी चांगुलपणाने हरले. ती चिमुकली चपला घालून आईपाशी जाऊन उभी राहिली. मॅडम नंतर मला म्हणाल्या, "तूं तिला फसवलीस. माझं रडीचं तिला चालतं, ते ती धरूं शकते. तुझं खोटं हरणं तिनं कुठें धरावं?"

अशा ह्या खोलीत एका गुरुवारी मल्ली आली. तिचं खरं नाव मी सांगणार नाही; मल्ली हे मी ठेवलेलं. नऊ वर्षांची, हुशार, दोन घट्ट वेण्या. हरणं तिला सहन होत नसे. शाळेत कॅरममध्ये हरल्यावर तिने स्ट्रायकर फेकून एका मुलीचा ओठ फोडला होता. ही तिची तिसरी शाळा, आणि शाळेने पत्र दिलं होतं: सहामाही परीक्षेपर्यंत पुन्हा असं काही घडलं, तर दाखला घेऊन जा. दर गुरुवारी तिची अम्मा ऑफिसातून अर्धी रजा टाकून येई आणि खेळ संपेपर्यंत जिन्यावर बसे. ते पत्र पर्समध्ये घडी करून ठेवलेलं असे. मधूनच ती पर्स उघडे, पत्र आहे ना ते बघे, आणि पुन्हा मिटे. सहामाहीला दहा आठवडे होते.

मी रात्रंदिवस खपून मल्लीसाठी एक योजना तयार केली. हरणं सहन करण्याच्या सात पायऱ्या, प्रत्येक पायरीचं रंगीत कार्ड, कार्डावर हसरा चेहरा, वर प्लास्टिकचं आवरण. मॅडमनी कार्डं हातात घेऊन मनापासून वाखाणली आणि फाशांचा आवाज खालच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून जमिनीवर पसरली. पुढचे दहा आठवडे पितळेचे फासे माझ्या हसऱ्या चेहऱ्यांवर आदळत होते.

पहिल्या गुरुवारी मल्ली हरायला आली आणि तिने सोंगट्या खिडकीबाहेर फेकल्या. दुसऱ्या गुरुवारी मॅडम हरल्या आणि कोपऱ्यात गेल्या. मल्ली आ वासून बघत राहिली. मोठं माणूस असं करू शकतं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी कोण हरलं हे ठरेचना. एक दाराशी, एक खिडकीशी, दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या आणि मध्ये मी. वहीत मी लिहिलं, 'दोघी रुसल्या.' पाचवा झाला, सहावा झाला. जिन्यावर अम्माने मला हळूच विचारलं, "काही फरक आहे का?" मी इंग्रजीत एक लांबलचक वाक्य बोलले. त्यात काही नव्हतं, हे तिलाही कळलं.

सातव्या गुरुवारी मल्लीने मॅडमची शेवटची सोंगटी कोंडीत पकडली. मॅडमचा अंगठा सरकला. मल्लीने झडप घालून तो अंगठा धरला आणि ओरडली, "अळुगुणी पाट्टी!" पाट्टी म्हणजे आजी, आणि रडीचं खेळणाऱ्याला तमिळमध्ये अळुगुणी म्हणतात, तिथेही रडणंच आहे. रेघ पुन्हा आखली गेली, सोंगटी मेली, मॅडम कोपऱ्यात गेल्या. थोड्या वेळाने मल्ली उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या पाठीवर बोटाने टकटक केलं.

"विळैयाट्टुदाने, पाट्टी," ती म्हणाली. खेळच तर आहे. तिला आजवर शंभर माणसांनी शंभर वेळा ऐकवलेलं वाक्य.

"तुला बोलायला काय जातं?" मॅडम न वळता म्हणाल्या. "तू जिंकलीस."

मल्लीने विचार केला. "मग मी हरून दाखवू?"

"मुद्दाम?" मॅडम एकदम वळल्या. "मुद्दाम हरलीस तर तुझ्याशी कट्टी."

"मुद्दाम नाही. खरं."

खरं हरायला आणखी दोन आठवडे गेले, कारण मॅडमना जिंकणं जमेना. नवव्या गुरुवारी त्यांना लागोपाठ तीनदा हवं ते दान पडलं आणि मल्ली हरली. तिचे कान लाल झाले. पितळेचे दोन्ही फासे तिच्या मुठीत होते आणि मूठ वर गेली होती. मी वही खाली ठेवली. मॅडम हलल्या नाहीत, 'शाब्बास' नाही, 'दीर्घ श्वास घे' नाही. मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

"तो माझा कोपरा आहे," त्या म्हणाल्या. "पण आज तू बस."

मूठ बराच वेळ तशीच राहिली. मग मल्लीने फासे माझ्या एका हसऱ्या चेहऱ्यावर ठेवले, अगदी आवाज न करता, आणि जाऊन कोपऱ्यात बसली. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. बाराव्या मिनिटाला तिने मान वळवून विचारलं, "पुन्हा?"

त्या दिवशी मॅडमनी शाळेला पत्र लिहिलं. मी पाच पानांचा मसुदा केला होता. त्यांनी एक ओळ लिहिली. 'हरल्यावर बसायला हिला एक कोपरा द्यावा आणि उठेपर्यंत कोणी बोलू नये.' शाळेने पिण्याच्या पाण्याच्या पिंपामागची जागा दिली. सहामाही पार पडली, दाखला मागितला गेला नाही. शेवटच्या गुरुवारी अम्मा जिन्यावर बसली नाही. वर येऊन आमच्याबरोबर दायम खेळली, आणि मॅडम तिच्याकडूनही हरल्या.

पुढच्याच वर्षी मला शोळिंगनल्लूरच्या एका शाळेत नोकरी लागली. घराजवळची, कायमची. मॅडमना सांगायला मी आठ दिवस लावले. "बरं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेवटच्या दिवशी, मुलं गेल्यावर, खडू घेऊन जमिनीवर बसल्या. "ये गे. दोन वर्षं बघितलीस. आता बस."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण बसले. मला पहिल्याच दानाला दायम पडला, त्यांना नेहमीप्रमाणे पडेना, आणि आज दारात उभं कोणीच नसल्यामुळे त्यांनी पंख्याला शिव्या दिल्या. मी पुढे गेले. मग त्यांनी पदर सावरला आणि सोंगटी दोन घरं सरकली. मी पाहिलं. दोन वर्षं मी हे पाहून वहीत लिहीत आले होते.

"अळुगुणी!" मी ओरडले. खालच्या मजल्यावरचा रेडिओ कोणीतरी बारीक केला, इतक्या मोठ्याने. मॅडमनी सोंगटी परत मागे घेतली. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला माझ्याच आवाजाची लाज वाटायची राहून गेली. आणि मग, रेघ न पुसता, घर न चुकवता, त्या जिंकल्या. मी हरले. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळच वाईट वाटलं. मॅडमनी खिडकीकडे बोट केलं.

त्या कोपऱ्यात मी कधी बसले नव्हते. जुन्या घरांत असते तशी जमिनीलगत सुरू होणारी खिडकी, समोरच्या गच्चीवर चार खांबांवर उभी पाण्याची टाकी. उभं असताना मला नेहमी ती टाकीच दिसायची. पण जमिनीवर बसलं, की टाकीच्या खालून, खांबांच्या मधून, दोन गच्च्यांच्या पलीकडे समुद्राची एक निळी पट्टी दिसते. हातभर लांब, स्वच्छ, तिच्यात एक जहाज. इतकी वर्षं मॅडम इथे बसून हे बघत होत्या. मल्लीने अकरा मिनिटं हेच बघितलं असणार. माझे डोळे भरून आले. ते हरल्यामुळे, असं मी ठरवलं.

"किती वेळ बसतेस गे?" मागून आवाज आला. "सरक. मला बसायचंय."

"तुम्ही तर जिंकलात, मॅडम."

"होय," त्या म्हणाल्या. "पण तूं चाललीस ना."

आणि गुडघ्यांवर हात टेकत त्या माझ्या शेजारी, खोलीकडे पाठ करून बसल्या. कोपरा तसा एकाच माणसाचा होता. आम्ही दोघी मावलो.