राहिलेली गाणी

कित्येक वर्षं गावोगाव फिरणारा एक रॉक बँड आमच्या गॅदरिंगला आला होता. पांढऱ्या केसांचा गायक गिटारच्या तारा जुळवत होता, तेवढ्यात मागून पोरं ओरडली, "आजोबा, भजन म्हणा!"

तो माईकमध्ये हसला. "मागच्या वेळी तुमच्या सीनियर्सनी आम्हाला याच स्टेजवरून अर्ध्यातून उतरवलं. राहिलेली गाणी म्हणायला आलोय."

मी टाळ्या वाजवायचं विसरले. गेल्या आठवड्यात सेमिनारमध्ये माझ्या गावाकडच्या शब्दांना वर्ग हसला आणि मी मध्येच खाली बसले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वाटलं, हसणाऱ्यांचंच बरोबर असेल. पण जिथं हसतात तिथं पुन्हा जायचं, यालाच दौरा म्हणत असावेत. उद्या सरांना सांगणार आहे, माझा सेमिनार अजून संपलेला नाही. आणि शब्द तेच राहतील.