तहसीलदारांचं अळणी चिकन

आमच्या घरात सगळ्यांत कडक पथ्य बोक्याचं आहे, आणि ते सगळ्यांत जास्त मी मोडलेलं आहे.

बोक्याचं नाव तहसीलदार. विद्यानगरातल्या आमच्या इमारतीत तो रोज सकाळी मजल्या-मजल्यावर जाऊन दूध, मलई, मटणाचा तुकडा अशी वसुली करायचा आणि झोपायला मात्र आमच्या सोफ्यावर यायचा, म्हणून हे नाव. वय पेन्शनीचं, तोंडात मोजके दात, पण चेहऱ्यावर अजूनही अर्ज फेटाळायची तयारी! गेल्या हिवाळ्यात तो घटाघटा पाणी प्यायला लागला आणि वाळत चालला, म्हणून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी (तेलुगू मुलगी, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची) रक्त तपासलं, शेपटीला इवलासा पट्टा बांधून चक्क ब्लड प्रेशर घेतलं आणि म्हणाल्या, "किडनी कमजोर है सर. बीपी भी हाई है."

"हाई कशानं होईल? घरात यांच्याशिवाय टेन्शन देणारं दुसरं कुणी नाही," माझ्याकडे बोट दाखवत बायको म्हणाली. (बायको नांदेडची आहे. नांदेडची माणसं डॉक्टरांपासून काही लपवत नाहीत.)

"नमक एकदम कम करना अंडी. बीपी ऐसाच रहा तो आँखों पे जाता. एक दिन अचानक दिखना बंद."

(हे 'अंडी' म्हणजे तेलुगूतलं 'अहो', खायची नव्हेत.) ते ऐकून बायकोनं बोक्याच्या पाठीवर हात ठेवला. तहसीलदार मात्र टेबलावर बसून भिंतीवरची पाल न्याहाळत होते. (त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करू लागलो. आजारी माणसाचा मान असतो.)

"सोडियमची फिकीर तुम्ही करू नका," मी म्हणालो. "मी जामबागेतल्या कॉलेजात जन्मभर केमिस्ट्री शिकवली आहे."

"फिर तो अच्छाच है सर!" डॉक्टरीणबाई खूश झाल्या. बिचाऱ्या!

घरी आल्या आल्या मी मोहीम हाती घेतली. लोणच्याच्या बरण्या माळ्यावर. पापडांचा डबा माळ्यावर. फरसाण माझ्या पोटात.

"काय करायलात हे? बोका लोणचं खातोय का?"

"आज खात नाही. उद्याचं कुणी सांगावं?"

"मग उद्या बरणी चढवा. आज मला जेवायचंय!"

डॉक्टरीणबाईंनी किडनीच्या मांजरांचं डब्यातलं खाणं दिलं होतं. तहसीलदारांनी ते हुंगलं आणि पंजानं फरशी खरवडून त्यावर माती ओढायचा प्रयत्न केला. मांजर कशावर माती ओढतं हे सांगायची गरज नाही. मग दुसरा तोडगा निघाला: घरी शिजवलेलं चिकन, मऊ भात, थोडा दुधी, वर डॉक्टरीणबाईंनीच दिलेली पावडर आणि मीठ अजिबात नाही. "मैं बोली उतनाच डालना सर. अपने मन से कुछ नक्को."

आता आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. बायकोनं निकाल दिला की शिजवणार मी, ते बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात आणि दार लावून. चिकन शेजारच्या रेहाना खाला आणून देणार. चव बघायचा तर प्रश्नच नव्हता. माझ्या हातचं चिकन खाणारा जगात एकच जीव होता आणि तो मत देत नव्हता, फक्त उठून जात होता.

कारण मोजक्या दातांना ते चिकन चावेना. तहसीलदार तुकडा तोंडात घ्यायचे, दोन वेळा इकडून तिकडे फिरवायचे आणि माझ्या पावलावर ठेवून निघून जायचे. तेव्हा मला आठवलं, की छोले शिजत नसले की बायको त्यात खायचा सोडा टाकते. मी पातेल्यात चिमूटभर सोडा टाकला. (रसायनशास्त्राच्या माणसांनी इथे हसायला सुरुवात करावी. मी तेव्हा केली नव्हती.)

चिकन लोण्यासारखं शिजलं! तहसीलदारांनी वाटी चाटून उलटी केली. मी इतका हुरळलो की चिमटीवरून चमच्यावर कधी गेलो ते कळलंच नाही. खालच्या मजल्यापर्यंत जाऊन मी सांगून आलो, की प्राण्याचं मन जिंकायला मीठ लागत नाही, माया लागते.

पुढच्या तपासणीला बीपी आणखी वर!

"घर में कहीं से सोडियम जा रा सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ढूँढो."

मी ढुंढायला लागलो. पहिला संशय अर्थातच खालांवर, कारण माणूस आधी दुसऱ्याच्या घरात शोधतो.

"खाला, सच बोलो. आप उसको आपके नमकवाले सालन का कुछ देते?"

"अई मास्टर साब! मैं कायकू दूँगी? आप नक्को बोले उस दिन से मेरे घर का दरवाजा बंद है. वो बाहर बैठ के रोता, मैं अंदर बैठ के रोती!"

"फिर चिकन दुकान में नमक के पानी से धोते होंगे."

"धोते, सादे पानी से. चलो मेरे साथ, कसाई के मुँह पे पूछो. हौले हो गए क्या आप?"

(हौले म्हणजे खुळे.) कसायाच्या हातात सुरा असतो, म्हणून तो मुद्दा मी तिथेच सोडला आणि बायकोकडे वळलो.

"तू तर काही देत नाहीस ना? वरणभात वगैरे?"

"तुमच्या धाकानं मी आपल्या वरणात मीठ घालायचं विसरायले. त्याच्यात कुठून घालू?"

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. खिडकीच्या कट्ट्यावर तहसीलदार रोज एका झेपेत चढायचे. त्या दिवशी झेप घेतली आणि कट्टा चुकला. खाली पडले, उठले, आणि काही झालंच नाही अशा थाटात पंजा चाटत बसले. बायकोनं त्यांना उचलून पोटाशी धरलं. "दिसतंय ना रे तुला?" ती विचारत राहिली. मी तिच्यामागे उभा राहून त्यांच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली. त्यांनी माझं बोट चावलं. पण बोट दिसलं म्हणून चावलं की वास आला म्हणून, हे ठरेना.

आता मात्र विज्ञानाला शरण जायचं ठरवलं. कॉलेजातल्या जुन्या मित्राकडून थोडं सिल्व्हर नायट्रेट आणि नायट्रिक ॲसिड आणलं. मिठाची परीक्षा सोपी असते: पाण्यात मीठ असलं की सिल्व्हर नायट्रेटनं पांढराशुभ्र साका धरतो. चिकनचं पाणी गाळून काचेच्या ग्लासात घेतलं. बायको पदर नाकाला लावून दाराशी उभी. मी वर्गात उभा राहायचो तसा ताठ उभा राहिलो आणि आधी ॲसिडचे थेंब सोडले.

ग्लासातून फस्सकन बुडबुडे आले.

"अहो, फसफसायलंय की हे!"

"ॲसिड टाकल्यावर थोडं होतंच."

(होत नाही. का झालं असेल, हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालायचो आणि ज्यांना येत नसे त्यांच्या आईवडिलांना बोलावून घ्यायचो.)

मग सिल्व्हर नायट्रेट टाकलं. पाणी जरासं धुरकटलं, बस! "बघ! मीठ नाही! सिद्ध झालं!" मी ग्लास उंचावून ओरडलो. खालांना त्यांच्या बाल्कनीतून तो ग्लास दिसला आणि मास्टर साब या वयात प्यायला लागले, अशी बातमी संध्याकाळपर्यंत इमारतभर झाली.

सिद्धता घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. बीपी होतं तिथेच.

"क्या क्या डालते सर, फिर से बोलो."

"चिकन, चावल, दुधी, आपका पावडर, पानी. नमक ज़ीरो. मैंने लॅब टेस्ट किया है."

"और सोडा," बायको म्हणाली.

"कौनसा सोडा?"

"खाने का. ढोकले में डालते ना, वहीच. रोज चमचा भर के डालतेत हे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, आप तो केमिस्ट्री..."

"हो."

"खाने का सोडा बोले तो?"

माझं तोंड सवयीनं उघडलं आणि शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, "सोडियम बायकार्बोनेट."

तहसीलदारांनी जांभई दिली.

"म्हणजे त्यात सोडियम असतंय?" बायकोनं विचारलं.

"असतंय."

"नावातच?"

"नावातच. अगदी सुरुवातीलाच."

"नमक तो आपने बराबर बंद किया सर," डॉक्टरीणबाई समजुतीनं म्हणाल्या. मला वाटतं, इतका सभ्य अपमान माझा कुणी केला नव्हता. मग त्यांनी तहसीलदारांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. बायकोनं माझा हात घट्ट धरला, किंवा पिरगाळला. फरक कळत नव्हता.

"आँखें ठीक हैं अंडी. अभी टैम है. गोली देते, सोडा बंद. और नरम होना बोले तो मिक्सर है ना सर!"

मिक्सर! तो स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी सोड्याचा डबा शोधत होतो!

खालांची माफी मागायला गेलो तर त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. "मेरेकू चोर बोले मास्टर साब," त्या हसून हसून दाराला टेकल्या, "कसाई को भी नहीं छोडे!"

आता महिने लोटलेत. गोळी चालू आहे, बीपी उतरलं आहे. बाल्कनीतला कारभार बायकोनं नाकाला पदर लावून स्वतःच्या हातात घेतला आहे. तहसीलदारांच्या नजरेची तर काळजीच नको. हॉलच्या त्या टोकावरूनसुद्धा वाटी कुणाच्या हातात आहे हे त्यांना स्वच्छ दिसतं. बायकोच्या हातात असली तर शेपटी वर करून येतात. माझ्या हातात दिसली, की शांतपणे उठतात आणि खालांच्या दारात जाऊन बसतात.