गिरजाबाईच्या पोटात राहिलेली गोष्ट

एकोडीजवळच्या त्या गावात उन्हात ठेवलेलं दूध आणि गिरजाबाईच्या कानावर पडलेली बातमी, दोन्ही संध्याकाळपर्यंत टिकत नसत. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या लग्नात वरणात पाणी ओतलं, सगळं तिला आधी ठाऊक. तिचा नवरा गोमाजी म्हणायचा, "सरकार पोस्टमन कायले पोसते? आमची हाय नं!"

मिशनच्या शाळेत ती स्वैपाकीण होती. लेकरं तिला गिरजामाय म्हणत. तिचं वैर एकच, शेजारच्या शकुनबाईशी. शकुनबाईच्या कोहळ्याचा वेल गिरजाबाईच्या छपरावर चढला, तिथं कोहळं धरलं, आणि गिरजाबाईनं ते कापून खाल्लं.

"छप्पर माह्यं, तं कोहळं माह्यं!"

"मूळ माह्या अंगणात हाय, चोट्टे!"

त्या एका कोहळ्यापायी दोघी सात वर्षं बोलत नव्हत्या. भांडत रोज होत्या, बोलत मात्र नव्हत्या.

शाळेच्या मोठ्या बाई सिस्टर थेक्ला. केरळातून आलेल्या, मराठी बोलताना एकेक शब्द चाखून बघणाऱ्या. अठ्ठ्याहत्तर सालच्या एप्रिलात त्यांनी नवंच काढलं. निकाल लावायच्या बैठकीला मास्तरांच्या जोडीनं शाळेच्या बागेतला जागेश्वर माळी आणि स्वैपाकीणही बसणार! गणिताच्या भय्याजी मास्तरांचं तोंड कच्ची चिंच चावल्यासारखं झालं.

"सिस्टर, निकाल पेपरावर लागते. पळीवर नाई."

"पेपर लेकराला दोन तास बघतो, मास्तर. गिरजाबाई वर्षभर बघतात. मेंढपाळाला एकेक मेंढरू नावानं ठाऊक असतं, असं येशूनं सांगितलंय. माझ्या वहीत नुसते गुण आहेत."

गिरजाबाई सवयीनं खाली जमिनीवर बसली होती. सिस्टर उठल्या, स्वतः खुर्ची आणून ठेवली. तिकीट न काढता एसटीत बसावं, तशी ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"एकच नियम," सिस्टर म्हणाल्या. "इथलं इथंच राहील."

सगळ्यांनी गिरजाबाईकडे पाहिलं. तीही जरा लाजली. (पुढं ही गोष्ट फुटली ती पेन्शनीत निघाल्यावर भय्याजी मास्तरांच्या तोंडून. उगाच तिच्यावर आळ नको.)

एकेक नाव निघू लागलं. मारकुट्या सुखरामचं नाव आलं तशी गिरजाबाईची जीभ सुटली. "तो गुंड नाई जी. घरून उपाशी येते. जेवला का गाय होते!" सिस्टरनी ते वहीत उतरवलं. शाईनं! गिरजाबाईनं मान लांबवून त्या ओल्या ओळीकडे पाहिलं. जन्मभर लोक तिचं बोलणं ऐकून पुढं पळवत आले होते. लिहून कोणी ठेवलं नव्हतं.

मग नाव आलं रुखमाचं. चौथी, गणितात शंभरपैकी अकरा. शकुनबाईची नात.

गिरजाबाईनं कालच कुंपणाआडून ऐकलं होतं. रुखमाचा बाप टिकाराम सांगत होता, "यंदा नापास झाली तं शाळा बंद. धानाच्या रोवण्याले जाईल." शकुनबाईही बोलली होती, "जाऊ दे, पोरीले शिकून का करायचं?"

आता "मले का मालूम?" एवढंच म्हटलं की झालं. कोहळ्याचा निकाल लागला असता. पण सिस्टरचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. तिच्यासाठी थांबलं होतं.

"सिस्टर," गिरजाबाई घसा खाकरून म्हणाली, "ह्या पोरीले गणित येते. कागदावर नाई येत. वरणाच्या गंजात येते."

भय्याजी मास्तर हसले. "चला, पाहूनच घेऊ!"

बैठक उठून स्वैपाकघरात गेली. वाढायला मदत करणाऱ्या पोरींत रुखमा होतीच. मास्तरांनी चुलीवरचा लाखोळी डाळीच्या वरणाचा भला मोठा गंज दाखवला. "सांग, यात किती थाळ्या होतील?"

मास्तरांना पाहूनच ती दोन पावलं मागं सरकली. पण पळी हातात आली आणि पोरगी बदलली. तिनं तळापासून ढवळलं, धार पाहिली, मान वाकडी केली.

"चौऱ्यांशी. पर मोठी पोरं आधी बसली तं ऐंशीच, जी. थे जास्त मागतात."

"लहान्यांना आधी बसवा," मास्तर म्हणाले आणि दाराशी मोजायला उभे राहिले. साठ झाल्या. सत्तर झाल्या. ऐंशीनंतर त्यांचं मोजणं ओठांतल्या ओठांत गेलं. चौऱ्यांशीव्या थाळीत शेवटची पळी पडली, पहिलीएवढीच भरलेली. गंज खडखडीत.

पंच्याऐंशीवी थाळी रुखमाच्या हातात होती. कोरडी. स्वतःची थाळी तिनं मोजलीच नव्हती.

"रोजच असं करते," गिरजाबाई हळूच म्हणाली. "मी वाटीभर झाकून ठेवतो तिच्यासाठी."

सिस्टरनी छातीवर क्रुसाची खूण केली. जागेश्वर माळ्यानं टोपी काढली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. भय्याजी मास्तरांनी त्या रिकाम्या गंजात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "सिस्टर, उन्हाळाभर ही माझ्याकडे येईल. जूनमध्ये पुन्हा पेपर घेऊ. अकरा गुण तिचे नाई, माझे आहेत."

टिकारामाला जूनपर्यंत थोपवलं सिस्टरनीच. जूनमध्ये रुखमाला बावन्न मिळाले.

चौऱ्यांशी साली ती मॅट्रिक झाली. शकुनबाईनं गावभर पेढे वाटले, एक घर सोडून. वर कुंपणाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "आमची पोरगी सोताच्या डोक्यानं पास झाली! कोनाच्या मेहरबानीनं नाई. लोकं तं कोहळे चोरण्यातच म्हातारे झाले!"

गोमाजी अंगणात दोर वळत होता. आता काय सुटेल, म्हणून त्यानं दोर खाली ठेवला.

गिरजाबाईनं तोंड उघडलं. सहा वर्षं पोटात ठेवलेलं उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं शकुनबाईकडे पाहिलं. मागं ओसरीवर उभ्या रुखमाकडे पाहिलं. कनवटीची सुपारी काढली, तोंडात टाकली आणि तोंड मिटलं.

गोमाजी धावत आला आणि त्यानं बायकोच्या कपाळाला हात लावून पाहिला.